कोहोसाठी हॅचरी की मोरी?

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या किनारी ओढ्यांत कोहो सॅमन (समुद्रात वाढून अंडी घालायला ओढ्यात परतणारा मासा) परत आणायचा आहे आणि पैसे एकाच कामापुरते आहेत, तेव्हा हॅचरी, म्हणजे अंडी उबवून पिल्लं वाढवण्याचं केंद्र, उभारावी की वाट अडवणारी रस्त्याखालची मोरी बदलावी?

हॅचरीचा फायदा खरा आहे. ओढ्यात पूर गोटे उलथवतो, गाळ अंड्यांचा श्वास कोंडतो. हॅचरीच्या ट्रेमध्ये त्यातली बरीच अंडी तगतात. मात्र फलनानंतर दोनेक दिवसांनी अंडी नाजूक होतात. डोळ्यांचे ठिपके दिसेपर्यंत त्यांना धक्का लागता कामा नये. त्यानंतर मेलेली पांढरी अंडी वेचायची, नाहीतर बुरशी शेजारच्या अंड्यांवर चढते. अनेक नरांचं शुक्र एकत्र ओतलं तर एखाद्याच नराची संतती भरते, म्हणून अंडी वाटून प्रत्येक वाट्याला वेगळा नर लावावा.

मला खटकते ती मोजणी. परतणाऱ्या माशांचा आकडा वाढतो, पण त्यात रानटी किती? ते ओळखता यावं म्हणून सोडण्यापूर्वी हॅचरीतल्या पिल्लांचा शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापतात. तरी यातले काही मासे ओढ्यातच रानटी माशांबरोबर अंडी घालतात. त्यांच्या पिल्लांचा पर शाबूत असतो, त्यामुळे ती रानटी म्हणून मोजली जातात. टाकीत गोळीखाद्यावर तगण्याचे गुण मूळ वंशात उतरत राहतात आणि आकडा मात्र आश्वासक दिसतो. ओढा सुधारला की फक्त हॅचरी चालली, हे कळायला मार्गच उरत नाही.

मोरीचं काम एकदाच होतं, पण ते नीट व्हायला हवं. अरुंद नळात पाणी जोर धरतं, तोंडाशी तळ खरवडतं आणि पायरी तयार होते. मोठा मासा ती उडी मारून चढतो, पिल्लाला जमत नाही. तिथला रूढ हिशोब असा: काठोकाठ भरलेल्या ओढ्याच्या रुंदीची 1.2 पट आणि वर 0.6 मीटर. म्हणजे 3 मीटरच्या ओढ्याला 4.2 मीटर रुंद तळ. मोरी खोल रोवून आत ओढ्यासारखेच गोटे भरायचे. जुन्या मोरीमागे साचलेला गाळ खाली सुटणार, हे धरूनच खालचा उतार आखावा.

वर्दळीचा रस्ता असेल तर आणखी एक धोका आहे. टायरच्या झिजेतून येणारं 6पीपीडी-क्विनोन नावाचं रसायन कोहोला काही तासांत मारतं. 2020 मध्ये ते ओळखलं गेलं. रस्त्याचं पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळून सोडलं नाही, तर मोकळी केलेली वाट माशांना मरणाकडेच नेईल.

मूळ वंशाचे मोजकेच मासे उरले असतील, तर काही वर्षांपुरती हॅचरी मलाही मान्य आहे. त्याच राज्यातल्या एल्व्हा नदीवरची दोन धरणं 2011 ते 2014 मध्ये काढताना गाळाच्या लोंढ्यातून वंश वाचवायला तिचा आधार घेतला होता. एरवी माझा कल मोरीकडे. फक्त निविदेआधी ओढ्याच्या काठाने वरपर्यंत चालत जावं. दोनशे मीटरवर दुसरी तशीच मोरी निघाली, तर आधी तिचा हिशोब करावा लागेल.