बिनटाक्याचं भिंग : आठ महिन्यांनंतर

लहानपणी उजव्या डोळ्याला विटी लागली होती. पन्नाशीत त्याच डोळ्यात मोतीबिंदू पिकला आणि ऑपरेशनच्या टेबलावर कळलं, की भिंगाची पिशवी धरून ठेवणारे तंतूच तुटलेत. पिशवी काढावी लागली, नवं भिंग ठेवायला जागाच उरली नाही. पुढचे तीन महिने प्लस १० चा चष्मा. त्या डोळ्याला सगळं मोठं, डाव्याला आहे तेवढंच, त्यामुळे एका कपाचे दोन कप दिसायचे आणि चहा बशीतच जास्त पडायचा.

मग दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. बुबुळाच्या पडद्याला चिमट्यासारखं धरणारं भिंग, टाके घालून बसवायचं भिंग, चेन्नईच्या डॉ. अमर अगरवाल यांनी २००७ मध्ये सुरू केलेलं ग्लूचं (गोंद वापरून भिंग बसवायचं) तंत्र, असे पर्याय त्यांनी सांगितले. टाक्यांचा १०-० प्रोलीनचा बारीक धागा काही वर्षांनी तुटू शकतो, हे ऐकून टाके मी बाद केले. शेवटी ठरलं ते योकोहामाच्या शिन यामाने यांचं तंत्र, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेलं.

यात ३० गेजच्या, म्हणजे अगदी बारीक, दोन सुया डोळ्याच्या पांढऱ्या भागातून तिरप्या आत घालतात. भिंगाचे तारेसारखे दोन पाय सुयांच्या पोकळीत ओवून बाहेर ओढतात. टोकाला धग दिली की ते वितळून बोंडासारखं फुगतं आणि पांढऱ्या भागात रुतवून ठेवता येतं. नाडी परत नेफ्यात जाऊ नये म्हणून टोकाला गाठ मारतो ना, तसंच. (याचा व्हिडिओ ऑपरेशनआधी बघू नका. मी बघितला, दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.)

पहिले पंधरा दिवस लाली आणि धुरकट. दीड महिन्याने पेपर वाचला, चष्म्याने का होईना. सुया अगदी समोरासमोर आणि सारख्या अंतरावर गेल्या नाहीत तर भिंग कलतं. माझं किंचित कललंय, म्हणून सिलिंडरचा (तिरपा) नंबर राहिलाच. मान झटकन वळवली की कडेला पाण्यावरच्या उन्हासारखं लुकलुकतं. दिवसा याचं काही वाटत नाही, पण रात्री समोरून ट्रक आला की मी स्कूटर बाजूला घेतो.

आरशात डोळा नाकाकडे वळवला की टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसतो. तेच ते बोंड. वरची त्वचा झिजून ते उघडं पडलं तर जंतूंना आत वाट मिळते, म्हणून डोळा चोळायचा नाही आणि वेळोवेळी दाखवून यायचं. जागेपणी जमतं. झोपेत हात जातो, म्हणून ऑपरेशननंतर डोळ्यावर लावायची ती प्लॅस्टिकची वाटी अजून रात्री चिकटवतो, बायको हसते.