आपल्याच वाड्याच्या तुळया, आपल्यालाच विकलेल्या

नागपूरच्या महाल भागातल्या एका दुरुस्त केलेल्या लाकडी वाड्याला मागच्या अंगाने नवी खोली जोडायची होती. लोखंडी सांगाडा, मोठ्या काचा, आणि जुन्याशी मेळ बसावा म्हणून छताला सागवानी वासे. ठेकेदाराने आधी मागच्या पडवीच्या १२ तुळया उतरवल्या, ‘वाळवीने खाल्ल्यात’ म्हणाला आणि मलब्याच्या ट्रॉलीत घातल्या. मलबा उचलायचे पैसे वर घेतले ते वेगळेच.

तुळई सडते ती बहुधा भिंतीत शिरलेल्या टोकाला, फूटभर. तिथे चुन्याऐवजी सिमेंट लिंपलेलं असेल तर ओल अडकते आणि वाळवी धरते. मधला भाग टणक असतो. पेचकस टोचून बघा, हातोडीने ठोका; पोकळ लाकूड बद्द वाजतं. या तुळया ८ बाय ६ इंची, १२ फूट लांब. रुंदी गुणिले जाडी इंचात, गुणिले लांबी फुटात, भागिले १४४: एकीचे ४ घनफूट, बारांचे ४८.

मग ‘बल्लारशाचं नवं सागवान’ आलं. ४ बाय ३, १० फुटी, ४० नग, कच्च्या बिलावर ३३.३ घनफूट. टेप लावला तर साडेतीन बाय अडीच, म्हणजे २४.३. नऊ घनफूट नुसतं कागदावर.

गडद पॉलिशखाली काय होतं, ते मे महिन्यात दिसलं. उन्हाने लाकडात भरलेली लांबी (पुट्टी) आकसून गळाली आणि आतून जुन्या सांध्यांच्या चौकोनी खाचा निघाल्या. शेजारी खिळ्यांची भोकं, भोवती काळे डाग. सागवानात लोखंड गंजलं की असे पडतात. हिशेबही जुळतो: ८ बाय ६ची तुळई आरामशीनवर उभी-आडवी चिरली की ४ बाय ३चे चार नग निघतात, करवतीत आणि रंध्यात गेलेलं वजा जाता साडेतीन बाय अडीच. सडकी टोकं कापली की लांबी १० फूट. बारा तुळयांचे ४८ नग, त्यातले ४० परत घरात. उरलेले आठ कुठे गेले, ते ठेकेदारालाच ठाऊक. लाकूड मात्र अव्वल होतं, नव्यापेक्षा सरस!

नव्या-जुन्या बांधकामाच्या सांध्यातही हात मारला होता. नव्या खांबांचे पाये मुरुमापर्यंत न नेता काळ्या मातीतच तीन फुटांवर थांबवले आणि नवी बीम जुन्या खांबाला बोल्टने आवळली. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पहिल्याच पावसाळ्यात जुन्या खांबाला उभी चीर गेली. नव्या भागाला स्वतःचे खांब हवेत, मध्ये २५ मिलिमीटर फट, आणि फटीवरचा पत्रा एकाच बाजूला ठोकलेला.

काही उतरवण्याआधी प्रत्येक लाकडावर रंगाने नंबर घाला, मापांच्या यादीवर ठेकेदाराची सही घ्या, ‘उतरवलेला माल मालकाचा’ हे करारात लिहा. बिल रंधा मारल्यानंतरच्या मापावर आणि पक्कं. आणि पॉलिश चढण्याआधी कुठल्याही एका नगाचं टोक इंचभर कापून बघा.