कोविड अँटिबॉडी चाचणी: यंत्राला पैकीच्या पैकी, अहवालाला काठावर पास

लस घेऊन बरेच महिने झाले, आता अंगात संरक्षण उरलंय का, बूस्टर घ्यावा का, या प्रश्नांसाठी लोक कोविडची अँटिबॉडी चाचणी करून घेतात. नेमक्या याच कामात ही चाचणी नापास होते. रक्तातल्या अँटिबॉडी मोजण्याचं काम यंत्र चोख करतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या आकड्यावरून 'मी सुरक्षित आहे का' हे ठरत नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मे २०२१मध्येच लसीनंतरची प्रतिकारशक्ती जोखायला ही चाचणी वापरू नका, असं सांगितलं होतं. तरी तपासण्यांच्या पॅकेजमध्ये ती अजून दिसते, म्हणून तिच्याकडे नीट बघू.

चाचणीचं नाव एक असलं तरी त्यामागे दोन वेगळ्या चाचण्या असतात आणि नोंदणी करताना हे कुणी विचारत नाही. एक चाचणी विषाणूच्या स्पाइक प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडी शोधते, दुसरी आतल्या न्यूक्लिओकॅप्सिडविरुद्धच्या. एमआरएनए लसी (फायझर, मॉडर्ना) आणि अ‍ॅडिनोव्हायरसवर बेतलेल्या लसी (उदाहरणार्थ कोव्हिशिल्ड) शरीराला फक्त स्पाइक दाखवतात. त्यामुळे अशी लस घेतलेल्याचं न्यूक्लिओकॅप्सिड पॉझिटिव्ह आलं, तर त्याला संसर्ग होऊन गेला असा अर्थ निघतो. मात्र कोव्हॅक्सिन, कोरोनाव्हॅक किंवा सायनोफार्म या निष्क्रिय विषाणूच्या लसी आहेत. त्यांत अख्खा विषाणू असतो, म्हणून लसीनेसुद्धा न्यूक्लिओकॅप्सिड पॉझिटिव्ह येऊ शकतं. या लसी घेतलेल्यांच्या बाबतीत 'मला कोविड होऊन गेला का' याचं उत्तर चाचणी देऊच शकत नाही.

उलट बाजूही तितकीच फसवी आहे. मॉडर्नाच्या लसीच्या मोठ्या मानवी चाचणीत ज्यांना कोविड झाल्याचं सिद्ध झालं होतं, त्यांचं रक्त नंतर तपासलं गेलं. प्लासिबो म्हणजे लस नसलेली टोचणी घेतलेल्यांपैकी ९३ टक्के लोकांत न्यूक्लिओकॅप्सिडच्या अँटिबॉडी तयार झाल्या होत्या; लस घेतलेल्यांपैकी फक्त ४० टक्क्यांत. लसीमुळे विषाणूला वाढायला वाव कमी मिळतो, मग आतलं प्रथिनही शरीरासमोर कमी येतं. म्हणजे लसवंताचा न्यूक्लिओकॅप्सिड निगेटिव्ह अहवाल 'संसर्ग झालाच नाही' याचा पुरावा होत नाही. लागण होऊन पंधरा दिवसही झाले नसतील, तर निगेटिव्हला अजिबात किंमत देऊ नये.

नमुन्याची बाजू सोपी आहे. शिरेतलं दोन ते चार मिलिलिटर रक्त पुरतं, उपाशी राहायची गरज नाही. नळी साधारण अर्धा तास उभी ठेवून रक्त गोठू देतात, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सीरम, म्हणजे वरचा द्रव, वेगळं काढतात. घाईने आधीच फिरवलं तर सीरममध्ये फायब्रिन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचे धागे राहतात, ते यंत्राच्या सुईत अडकतात आणि आकडा चुकतो. अँटिबॉडी तशा टिकाऊ असतात, थंड पेटीतून नमुना दुसऱ्या गावी गेला म्हणून बिघडत नाही. रुग्णाने स्वतः सांभाळायची गोष्ट एकच: बायोटिन हे जीवनसत्त्व. केस-नखांसाठीच्या गोळ्यांत ते ५ ते १० मिलिग्रॅमपर्यंत असतं. रोश या कंपनीच्या चाचण्या बायोटिन आणि त्याला चिकटणारं स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन, या जोडीवर चालतात. रक्तात बायोटिन जास्त असेल तर ती जोडी जुळत नाही आणि अशा रचनेच्या चाचणीत आकडा खोटा कमी येतो. दिवसाला ५ मिलिग्रॅमहून जास्त डोस चालू असेल तर शेवटच्या गोळीनंतर किमान आठ तासांनी रक्त द्यावं. नमुना घेणाऱ्याने हे विचारायला हवं. विचारलं नाही तर आपणहून सांगावं.

खरा घोळ आकड्यात आहे, तो अहवाल हातात पडल्यावर कळतो. रोशच्या स्पाइक चाचणीत ०.८ युनिट प्रति मिलिलिटर आणि त्यावर पॉझिटिव्ह. अ‍ॅबटच्या आयजीजी (अँटिबॉडींचा एक वर्ग) चाचणीत ही रेषा ५० एयूवर; एयू हे कंपनीचं आपलं एकक. डायसोरिनच्या ट्रायमेरिक चाचणीत १३ एयूवर. तिन्ही आकडे आपापल्या यंत्रापुरते बरोबर आहेत, पण एकाची तुलना दुसऱ्याशी करता येत नाही. हा गोंधळ मिटावा म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२०मध्ये एक प्रमाण सीरम ठरवलं आणि बीएयू हे एकक आलं. अ‍ॅबटच्या एयूला ०.१४२ने गुणलं की बीएयू मिळतात, डायसोरिनच्या एयूला २.६ने. रोशचं युनिट जवळपास बीएयूइतकंच आहे. हिशेब करून पाहा: अ‍ॅबटच्या अहवालावरचे १,००० म्हणजे १४२ बीएयू, डायसोरिनवरचे १०० म्हणजे २६० बीएयू. 'माझे हजार आले, तुझे शंभरच' म्हणून मिरवणाऱ्याकडे प्रत्यक्षात कमीच असतात.

बीएयूनेही भांडण पूर्ण मिटत नाही. तिन्ही चाचण्या एकच वस्तू मोजत नाहीत. रोशची चाचणी स्पाइकच्या ज्या भागाने विषाणू पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटतो त्या भागाविरुद्धच्या सगळ्या वर्गांच्या अँटिबॉडी पकडते आणि घट्ट चिकटणाऱ्यांना झुकतं माप देते. अ‍ॅबटची त्याच भागाविरुद्धची पण फक्त आयजीजी मोजते. डायसोरिन तिपेडी स्पाइक अख्खं वापरते. डोसनंतर महिने उलटतात तशा अँटिबॉडी संख्येने कमी होतात, पण पकड घट्ट होत जाते. त्यामुळे एकाच माणसाचा आलेख एका यंत्रावर उतरताना आणि दुसऱ्यावर बराचसा सपाट दिसू शकतो.

'२५०पेक्षा जास्त' असा निकाल आलेले लोक तर खूश होऊन घरी जातात. २५० ही त्यांच्या प्रतिकारशक्तीची पातळी नसून यंत्राच्या मोजपट्टीचं टोक आहे. नमुना पातळ करून पुन्हा चालवला तर तिथे ३०० निघेल किंवा १५,०००. प्रयोगशाळेने तो पातळ केला नसेल, तर या निकालाची पुढच्या अहवालाशी तुलनाच होऊ शकत नाही. नुसतं 'पॉझिटिव्ह' छापलं असतं तरी तेवढंच कळलं असतं.

समजा आकडा अचूक आहे, एककही माहीत आहे. तरी त्यातून संरक्षण का कळत नाही? चाचणी मोजते त्या सगळ्या चिकटणाऱ्या अँटिबॉडी. विषाणूला पेशीत शिरण्यापासून अडवणाऱ्या त्यांतल्या काहीच असतात. इस्रायलमधल्या शेबा रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांवरच्या अभ्यासात फायझर लसीच्या दुसऱ्या डोसनंतर सहा महिन्यांत चिकटणाऱ्या आयजीजी १८.३ पटीने घसरल्या, तर विषाणू निष्प्रभ करणाऱ्या अँटिबॉडी पाच पटीहूनही कमी. पहिला आकडा बघणारा घाबरतो, दुसरा बघणारा घाबरत नाही. लोक तेच आणि रक्तही तेच. पहिल्या महिन्यांतली ही घसरण हा बिघाड नव्हे. डोसनंतर लगेच तयार झालेल्या, अँटिबॉडी बनवणाऱ्या अल्पजीवी पेशी मरतात, मागे अस्थिमज्जेतल्या दीर्घजीवी पेशी आणि स्मृतिपेशी राहतात. संसर्गातून बरे झालेल्यांत स्पाइक ओळखणाऱ्या स्मृती बी-पेशी सहा-आठ महिन्यांपर्यंत वाढत असल्याचं २०२१मध्ये दिसलं. या पेशी सीरमच्या चाचणीत दिसत नाहीत.

संसर्ग झालेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या टी-पेशीही दिसत नाहीत, आणि गंभीर आजार रोखण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. ओमिक्रॉनच्या स्पाइकमध्ये तीसहून जास्त बदल होते. अँटिबॉडींना ते चुकवून गेलं, पण टी-पेशींचा स्पाइकविरुद्धचा ७० ते ८० टक्के प्रतिसाद टिकून राहिला. नाकातल्या आयजीए अँटिबॉडींचंही तसंच. संसर्गाला पहिल्या दारात अडवण्याचं काम त्या करतात आणि हाताच्या शिरेतून काढलेल्या रक्तावरून त्यांचा अंदाज नीट येत नाही. आणखी एक बारीक मुद्दा: एमआरएनए लसीच्या तिसऱ्या डोसनंतर काही महिन्यांनी स्पाइकविरुद्धच्या आयजीजीमध्ये आयजीजी-४ या उपप्रकाराचा वाटा जवळपास शून्यावरून १९ टक्क्यांवर गेल्याचं जर्मन गटाने २०२२च्या अखेरीस दाखवलं. हा उपप्रकार इतर पेशींना हल्ल्यासाठी बोलावण्यात मंद असतो. त्याचा आजारावर काय परिणाम होतो यावर वाद आहे, पण एकूण आयजीजीचा आकडा हा फरक झाकून टाकतो.

यापेक्षाही मोठा प्रश्न स्पाइकच्या आवृत्तीचा. नेहमीच्या चाचण्या मूळ वुहान विषाणूच्या स्पाइकवर बेतलेल्या आहेत. लसी मात्र पुढे सरकल्या: २०२३मध्ये ओमिक्रॉनच्या एक्सबीबी.१.५ या उपप्रकारावर, २०२४मध्ये जेएन.१ कुळावर. जुन्या स्पाइकविरुद्ध भरघोस आकडा असलेला माणूस नव्या उपप्रकाराने आजारी पडला तर यंत्र खोटं ठरत नाही, ते कालच्या विषाणूबद्दल बोलत होतं.

'मग अँटिबॉडीचा आणि संरक्षणाचा संबंधच नाही का?' आहे, चांगला आहे, आणि इथे चाचणीवर अन्याय करू नये. मॉडर्नाच्या त्याच लसचाचणीतल्या विश्लेषणात दुसऱ्या डोसनंतर चार आठवड्यांनी निष्प्रभ करणाऱ्या अँटिबॉडींचं टायटर (रक्तातलं प्रमाण) १० असलेल्यांत लसीची परिणामकारकता ७८ टक्के, १०० असलेल्यांत ९१ आणि १,००० असलेल्यांत ९६ टक्के निघाली. पण यात कुठेही अशी पायरी नाही की अलीकडे धोका, पलीकडे अभय. दहापट अँटिबॉडींनी संरक्षण काही टक्क्यांनी वाढतं. तेही गटाचं सरासरी गणित, ओमिक्रॉनपूर्व विषाणूविरुद्धचं, ठरावीक दिवशी मोजलेलं. अहवालाच्या तळाशी 'पुरेशी प्रतिकारशक्ती' असा शेरा छापणाऱ्या प्रयोगशाळेकडे त्याला आधार नसतो.

काही ठिकाणी जास्तीचे पैसे घेऊन 'न्यूट्रलायझिंग' चाचणी देतात. जिवंत विषाणूवरची खरी चाचणी तिसऱ्या स्तराच्या जैवसुरक्षा प्रयोगशाळेतच होते, त्यामुळे व्यवहारात मिळते ती तिची पर्यायी आवृत्ती, उदाहरणार्थ सिंगापूरच्या ड्यूक-एनयूएसमध्ये विकसित झालेली सीपास. रुग्णाच्या सीरममुळे स्पाइकचा तुकडा आणि पेशीवरचा एसीई-२ रिसेप्टर यांची जोडणी किती टक्के अडते ते ती सांगते. ३० टक्के आणि वर म्हणजे पॉझिटिव्ह. कल्पना सुरेख आहे. पण मूळ संचातला तुकडा वुहानचाच, आणि ९५ टक्क्यांपुढे सगळे नमुने एकमेकांसारखे दिसायला लागतात. संशोधनात उपयोगी, एकट्या माणसाच्या निर्णयासाठी नाही.

बोटाला टोचून करायचा पट्टीचा किट घेऊच नये. एक थेंब रक्त, दोन थेंब बफर, दहा-पंधरा मिनिटांत रेघ, एवढं आकर्षक असलं तरी रेघ कितीही गडद असो, तो आकडा नव्हे. निदानासाठीही त्याचा उपयोग नाही: संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२०च्या आढाव्यात अँटिबॉडी चाचण्यांना लक्षणांच्या पहिल्या आठवड्यात जेमतेम ३० टक्के रुग्ण सापडले, दुसऱ्यात ७२ आणि तिसऱ्यात ९१. ताप आहे तेव्हा अँटिजेन किंवा पीसीआरच लागते.

आता ज्यांच्यासाठी ही चाचणी खरंच कामाची आहे त्यांच्याबद्दल. अवयव प्रत्यारोपण झालेले, रिटक्सिमॅबसारखी बी-पेशी संपवणारी औषधं घेणारे, रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण. यांच्यात प्रश्न 'किती?' असा नसून 'काही तरी तयार झालं का?' असा असतो, आणि हो-नाही सांगण्यात चाचणी पक्की आहे. प्रत्यारोपण झालेल्या ४३६ जणांत एमआरएनए लसीच्या पहिल्या डोसनंतर फक्त १७ टक्क्यांत अँटिबॉडी दिसल्या. दुसऱ्या डोसनंतर ६५८ जणांच्या अभ्यासात ५४ टक्क्यांत. फ्रान्समधल्या १०१ रुग्णांच्या गटात तिसऱ्या डोसने प्रमाण ४० वरून ६८ टक्क्यांवर नेलं. डोसनंतर चार आठवड्यांनीही अहवाल शून्याजवळ असेल तर डॉक्टरांशी बोलायला ठोस विषय मिळतो: पुढचा डोस रिटक्सिमॅबच्या वेळापत्रकात कुठे बसवायचा आणि लागण झालीच तर काय करायचं. पॅक्सलोव्हिड हे कोविडवरचं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांत सुरू करावं लागतं आणि त्यातलं रिटोनाविर, प्रत्यारोपणानंतर घ्याव्या लागणाऱ्या टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी धोकादायक वाढवतं. ही आखणी आजारी पडण्याआधी झालेली बरी. इम्युनोग्लोब्युलिनची (दात्यांच्या अँटिबॉडींची) सलाइन किंवा प्रयोगशाळेत बनवलेल्या मोनोक्लोनल अँटिबॉडी घेतलेल्यांचं स्पाइक मात्र उसन्या अँटिबॉडींमुळे पॉझिटिव्ह येतं, ते स्वतःचं समजू नये.

लहान मुलांत संसर्गानंतर दोन ते सहा आठवड्यांनी होणाऱ्या एमआयएस-सी या अनेक अवयवांना सूज आणणाऱ्या आजारात पीसीआर बरेचदा निगेटिव्ह असते, तिथेही अँटिबॉडीची मदत होते. आता बहुतेक मुलांना संसर्ग होऊन गेलेला असल्याने पॉझिटिव्हचं वजन घटलं आहे. निगेटिव्ह आलं तर डॉक्टर दुसऱ्या निदानाकडे वळतात.

इतरांनी बूस्टरचा निर्णय वय, जुने आजार, गरोदरपण आणि शेवटचा डोस किंवा संसर्ग कधी झाला यावर घ्यावा. सल्ला देणाऱ्या समित्या याच गोष्टी बघतात. तरीही चाचणी करायचीच असेल तर नमुना देण्याआधी विचारा: स्पाइक की न्यूक्लिओकॅप्सिड, कोणत्या कंपनीचा संच, निकाल बीएयूमध्ये मिळेल का, आणि मोजपट्टीपलीकडचा नमुना पातळ करून पुन्हा चालवणार का. अहवालावर संचाचं नाव नसेल तर ते लिहून मागा. दुसऱ्यांदा तपासणी करायची वेळ आली तर त्याच संचावरच करावी लागेल.