परसातल्या कोंबडीचा डोळा आणि तालुक्याचा सरकारी दवाखाना

मोठ्या पोल्ट्रीला कंपनीचा डॉक्टर असतो. परसात आठ-दहा गावरान किंवा गिरिराज कोंबड्या पाळणाऱ्याला मात्र कोंबडीचा डोळा सुजला की कुठे जावे हेच कळत नाही. शहरातले बहुतेक खासगी पशुवैद्य कुत्र्या-मांजरांत गुंतलेले असतात आणि औषधाच्या दुकानात विचारले तर माणसांसाठीचे थेंब पुढे केले जातात. सातारा जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी असलेल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याची सेवा मी वर्षभर घेत आहे. औषधांच्या बाबतीत हा दवाखाना तोकडा पडतो, निदानाच्या बाबतीत पडत नाही, असे माझे मत झाले आहे. आणि कोंबडीच्या डोळ्याचे सारे काही निदानावरच अवलंबून असते, कारण मूळ बिघाड पुष्कळदा श्वसनमार्गात, खाद्यात किंवा खुराड्यातल्या हवेत असतो आणि डोळ्यात तो फक्त दिसतो.

तपासणीची पद्धत हीच या सेवेची खरी जमेची बाजू आहे. डॉक्टर मॅडम कोंबडी हातात घेण्याआधी तिला डालग्यातच काही वेळ पाहतात: चोच उघडी ठेवून श्वास घेते का, मान खाली टाकते का, प्रकाशाकडे तोंड केले की डोळे मिटते का. पहिला प्रश्न मात्र डोळ्याविषयीचा नसतो. गेल्या काही दिवसांत अचानक मर झाली आहे का, तुरे निळे-जांभळे पडले आहेत का, हे त्या आधी विचारतात. नंदुरबारच्या नवापूरला २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला, तेव्हापासून हा प्रश्न टाळून चालत नाही. त्यानंतर एक डोळा की दोन्ही, एक कोंबडी की अनेक, याची चौकशी होते. एकाच कोंबडीचा एकच डोळा मिटलेला असेल तर चोचीचा मार, काडी किंवा तुसाचा कण, हा संशय आधी घेतला जातो. दोन-तीन दिवसांत निम्मे खुराडे डोळे चोळू लागले तर संसर्गाचा.

मग परिचर कोंबडीला पंच्यात गुंडाळून धरतो. पंख आवळले जातात, छाती मोकळी राहते, कारण कोंबडी श्वासासाठी छातीचीच हालचाल करते आणि ती दाबली गेली तर तिथेच गुदमरू शकते. डोळ्याच्या खाली आणि पुढे जी पोकळी असते ती बोटाने हळूच दाबून पाहिली जाते, नाकपुडीतून काय येते ते कापसावर घेतले जाते आणि त्याचा चक्क वासही घेतला जातो. चेहरा सुजलेला, स्राव घट्ट आणि दुर्गंधी असेल तर कोरायझा, म्हणजे कोंबड्यांची संसर्गजन्य सर्दी. डोळ्याच्या कोपऱ्यात साबणासारखा फेस, रात्री घरघर आणि आठवड्यांपासून रेंगाळणारी तक्रार असेल तर मायकोप्लाझ्मा या जंतूमुळे होणारा श्वसनमार्गाचा जुनाट आजार, म्हणजे सीआरडी, असा प्राथमिक अंदाज त्यावरून बांधतात. चोच उघडून घशात पांढरे पुरळ दिसले आणि पापणीखाली पनीरासारखा साका आढळला, तर जीवनसत्त्व ‘अ’च्या कमतरतेचा विचार होतो. पापणीवर आणि तुऱ्यावर खपल्या असतील तर देवी. तलंगेचे, म्हणजे तरुण कोंबडीचे, बुबुळ राखाडी होऊन बाहुलीची कड वेडीवाकडी झाली असेल, तर तो मॅरेक्स हा विषाणूजन्य रोग असू शकतो आणि त्यावर उपचार नाही, हेही स्पष्ट सांगितले जाते. तिसरी पापणी चिमट्याने बाजूला करून तिच्यामागे डोळ्यातले बारीक जंत आहेत का, हेही त्या पाहतात. झुरळ खाल्ल्याने कोंबडीला हे जंत होतात, हे मला इथेच कळले.

माझ्या खुराड्यातील दोन आजार इथे सविस्तर सांगण्यासारखे आहेत. पहिल्या कोंबडीला सीआरडी निघाला. थेंब मागायला गेलेल्या मला पाण्यातून द्यायचे टायलोसिन हे प्रतिजैविक लिहून मिळाले आणि तेही सर्व कोंबड्यांसाठी, कारण एकीला झालेला हा आजार बाकीच्यांत दबून असतो. औषध चालू असताना आणि त्यानंतरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत अंडी खायची नाहीत, विकायची नाहीत, हे केसपेपरवर अधोरेखित करून दिले होते. बरी झालेली कोंबडी जन्मभर वाहक राहते आणि जंतू अंड्यातून पिल्लांत उतरतो, म्हणून तिची अंडी खुडूकखाली ठेवू नयेत, असा सल्लाही मिळाला. पिल्ले विकून चार पैसे मिळवणाऱ्याला हा सल्ला रुचत नाही, पण तो न देणारा डॉक्टर मला अधिक महाग पडला असता.

दुसऱ्या वेळी तीन कोंबड्या दोन्ही डोळे मिटून कोपऱ्यात बसू लागल्या होत्या. सूज नाही, वास नाही, बुबुळावर मात्र धुरकट झाक. मॅडमनी विचारले, “सकाळी खुराड्याचे दार उघडून आत वाकलात, तर तुमच्या डोळ्यांना झोंबते का?” पावसाळ्यात खुराड्यात अंथरलेले तूस भिजून विष्ठेतून सुटलेल्या अमोनियाने बुबुळ भाजले होते. हवेत २५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत २५ भाग) पुढे अमोनिया असणे कोंबड्यांना अपायकारक मानले जाते, आणि जमिनीलगत बसणाऱ्या पक्ष्याला तो आपल्यापेक्षा आधी लागतो. उपाय म्हणून तुसाची भिजलेली गादी काढून कोरडे तूस टाकणे, वरच्या बाजूला झरोका ठेवणे, सलाइनने डोळे धुणे आणि प्रतिजैविक मलम एवढेच सांगितले गेले. बुबुळावर व्रण आहे का हे पाहण्यासाठी फ्लुरोसिन या रंगद्रव्याची पट्टी लागते. व्रण असेल तर तिचा रंग तिथेच हिरवा धरतो. ती पट्टी दवाखान्यात नव्हती, मला बाहेरून आणावी लागली. मात्र ती आणेपर्यंत स्टेरॉइड मिसळलेले कोणतेही थेंब घालायचे नाहीत, अशी सक्त ताकीद होती, कारण व्रणावर स्टेरॉइड पडले तर तो चिघळून बुबुळाला भोक पडू शकते. औषधाच्या दुकानात याच थेंबांची बाटली मला बिनदिक्कत देऊ केली गेली होती.

आता उणिवा. गाई-म्हशी, शेळ्या यांची रांग आधी आणि डालगे शेवटी, हा तिथला अलिखित नियम आहे. भर उन्हात आजारी कोंबडी ताटकळते आणि शेजारच्या डालग्यातली निरोगी कोंबडी तिच्याच हवेत बसते. दुपारनंतर डॉक्टर गावोगाव दौऱ्यावर जातात. केसपेपरचे शुल्क नाममात्र असले तरी कोंबड्यांची औषधे बहुधा बाहेरूनच घ्यावी लागतात, आणि ती मोठ्या पाकिटांत मिळत असल्याने आठ कोंबड्यांसाठी विकत घेतलेले बरेचसे वाया जाते. राणीखेत (मानमोडी) रोगावरच्या लासोटा लसीचेही तेच: शंभर मात्रांची कुपी एकदा कालवली की दोनएक तासांत संपवावी लागते, त्यामुळे गल्लीतील पाच-सहा घरे एकत्र आली तरच ती परवडते. या लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात घालतात आणि नंतर काही पिल्लांच्या डोळ्यांना किंचित पाणी येते; त्याने घाबरून जाऊ नये, ही सूचना मात्र कोणी आपणहून देत नाही.

जाण्यापूर्वी काही पथ्ये पाळली तर तपासणी अधिक उपयोगी ठरते. आजारी कोंबडी वेगळी करावी आणि डोळा फक्त कोमट मिठाच्या पाण्याने पुसावा. हळद, चुना, तंबाखूचे पाणी असे काहीही घालू नये, नाहीतर मूळचा स्राव कसा होता हे डॉक्टरांना कळत नाही. पापणीखालचा साका किंवा देवीच्या खपल्या नखाने ओढू नयेत. खुराड्याच्या आतला फोटो, खाद्याची मूठभर पुडी आणि अलीकडे बाहेरून आणलेल्या कोंबड्यांची माहिती सोबत असावी, कारण नवी कोंबडी कधी आली हा प्रश्न दर वेळी विचारला जातो. ‘अ’ जीवनसत्त्वासाठी डॉक्टर मॅडम शेवग्याचा पाला आणि पिवळा मका सुचवतात, आणि तो खर्च जवळजवळ शून्य असतो. डॉक्टर दौऱ्यावर असतील तर १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करून विचारता येते. एखादी कोंबडी दगावलीच तर तिला पुरण्याआधी फोन करावा. शवविच्छेदन करून गरजेप्रमाणे नमुना पुण्याला औंधच्या पशुरोग अन्वेषण विभागाकडे पाठवण्याची सोय आहे, आणि उरलेल्या कोंबड्यांना काय द्यायचे हे त्यावरून ठरवता येते.