मॅट्रिक्स संशोधनाचं केंद्र: मँचेस्टर की मार्टिन्सरीड?

पेशींच्या बाहेरच्या जाळीवर, म्हणजे कोलॅजेन, लॅमिनिन वगैरे प्रथिनांच्या मॅट्रिक्सवर, केंद्र उभारायचं तर दोन नमुने डोळ्यांसमोर येतात. म्युनिकजवळच्या मार्टिन्सरीडला १९७३ साली तीन संस्था एकत्र आणून माक्स प्लांक जीवरसायनशास्त्र संस्था झाली. त्यातली एक चक्क प्रथिनं आणि चामड्यावर काम करणारी. (चामडं म्हणजे मुख्यतः कोलॅजेनच, तेव्हा नवल नको.) इथे विभाग संचालकाभोवती बांधतात: माणूस हेरा, पैसा आणि मोकळीक द्या. काम खोल जातं, पण संचालक निवृत्त झाला की विभागाचा विषयच बदलू शकतो.

मँचेस्टर विद्यापीठातलं केंद्र १९९५चं, वेलकम या आरोग्य-संशोधनाला पैसा देणाऱ्या ब्रिटिश न्यासाच्या निधीवर उभं राहिलेलं. गट अनेक, पण मास स्पेक्ट्रोमेट्रीची (रेणूंच्या वस्तुमानावरून प्रथिनं ओळखणारी) यंत्रं आणि सूक्ष्मदर्शकं सामायिक. अशा यंत्रांवर मुरलेला तंत्रज्ञ मला यंत्राहून मोलाचा वाटतो. मॅट्रिक्सची प्रथिनं सहजी विरघळत नाहीत, नमुना तयार करतानाच कस लागतो. तोटा एवढाच, की निधीसाठी पुन्हा पुन्हा परीक्षा द्यावी लागते.

असं केंद्र काढू पाहणाऱ्या विद्यापीठाने मँचेस्टरचाच कित्ता गिरवावा. पीएचडीचे विद्यार्थी आवारातच असतात, आणि वैद्यकीय शाखा असेल तर संधिवाताचे, म्हणजे सांध्यांतली हीच जाळी बिघडलेले, रुग्ण तपासणारे डॉक्टरही.