गरोदरपणातील मधुमेह: मेटफॉर्मिन की इन्शुलिन?

२६व्या आठवड्यातील तपासणीत ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतल्यानंतरची दोन तासांची साखर १४० च्या पुढे निघाली. त्यानंतर दोन आठवडे पोळ्या मोजून खाल्ल्या, रोज संध्याकाळी कमला नेहरू पार्कमध्ये फेऱ्या मारल्या, तरीही सकाळी उपाशीपोटीची साखर ९५ च्या खाली येईना. तेव्हा डॉक्टरांनी मेटफॉर्मिनच्या गोळ्या आणि इन्शुलिन हे दोन्ही पर्याय सांगितले आणि माझे मत विचारले. मी आधी गोळी निवडली आणि तीन आठवड्यांनी डॉक्टरांच्याच सल्ल्याने इन्शुलिनवर आले, त्यामुळे दोन्हींचा अनुभव माझ्यापाशी आहे.

बाळाच्या दृष्टीने मुख्य फरक असा, की मेटफॉर्मिन वारेतून बाळापर्यंत पोहोचते, तर इन्शुलिन जवळजवळ पोहोचत नाही. मात्र पोहोचते म्हणून ते घातक ठरते, असा अर्थ काढू नये. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील ७५१ स्त्रियांवरील, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेटफॉर्मिनमुळे नवजात बाळांमधील गुंतागुंत वाढलेली दिसली नाही. मात्र गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे ४६ टक्के स्त्रियांना पुढे इन्शुलिनची जोड द्यावी लागली. ब्रिटनमधील उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणारी नाइस ही संस्था आहार-व्यायाम पुरेसा न पडल्यास बहुतेकींना आधी मेटफॉर्मिन सुचवते, तर अमेरिकन डायबेटिस असोसिएशन इन्शुलिनला पहिली पसंती देते. जाणकारांमध्येच असा मतभेद असल्याने गोळी घेणाऱ्या कोणीही अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही.

माझा निर्णय मात्र बदलला तो पोटामुळे. जेवणासोबत गोळी घेऊनही मला दिवसभर मळमळत असे, आणि कोथरूडहून हिंजवडीला जाताना बसमध्ये पोट बिघडेल या धास्तीने मी सकाळचा नाश्ता दोन घासांवर आणला. वहीतले आकडे सुंदर दिसू लागले. घरात सर्वांना आनंद झाला, मलाही झाला. पुढच्या तपासणीत वजन वाढण्याऐवजी सव्वा किलोने उतरलेले निघाले, आणि आहारतज्ज्ञ बाईंनी काय-काय खाल्ले ते शांतपणे विचारले, तेव्हा माझ्या लक्षात आले, की साखर निदान काही अंशी गोळीमुळे नव्हे, तर माझ्या अर्धपोटी राहण्यामुळे उतरली होती. ज्या महिन्यांत बाळ झपाट्याने वाढते, त्याच महिन्यांत मी न कळत उपाशी राहत होते, ही गोष्ट मला आजही लागते. अनेकींना हा त्रास होत नाही, किंवा डोस हळूहळू वाढवल्यास काही काळाने निवळतो, हेही सांगायला हवे. माझा निवळला नाही.

इन्शुलिनविषयी घरात भीती होती. सुई लागली म्हणजे दुखणे वाढले, असे आईचे मत होते आणि ते बदलायला वेळ लागला. इन्शुलिन टोचण्याच्या पेनची बारीक सुई मांडीत टोचण्याची सवय मला चार-पाच दिवसांत झाली. खरा जाच साठवणीचा आणि साखर गरजेपेक्षा खाली उतरण्याचा. न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते, आणि पुण्याच्या एप्रिलमध्ये वापरातले पेन पर्समध्ये टाकून निघणे योग्य नव्हे. रात्रीच्या डोसनंतर एकदा पहाटे तीनला घामाने जाग आली, साखर ६२ होती. तीन चमचे साखर पाण्यातून घेतली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना कळवून डोस कमी करून घेतला. मेटफॉर्मिन एकट्याने घेतल्यास असे सहसा होत नाही. त्यामुळे घरी एकटी राहणारी, किंवा सुईची मनापासून भीती असलेली स्त्री गोळी निवडत असेल, तर तिचा निर्णय मला समंजसच वाटेल.

तरीही मला विचाराल तर, पोट भरून जेवता येणे आणि त्या जेवणाप्रमाणे डॉक्टरांकडून डोस बदलून घेता येणे, या दोन कारणांसाठी माझा कल इन्शुलिनकडे आहे. सातव्या महिन्यातील डोहाळजेवणाला मी वरणभात, भाजी आणि मोजकी पुरणपोळी निर्धास्तपणे खाल्ली. अर्थात आपली साखर, वजन आणि बाळाची वाढ पाहून औषध ठरवायचे ते डॉक्टरांनीच. स्वतःहून गोळी बंद करणे किंवा डोस बदलणे नको. दोन्हींपैकी जे घ्याल, त्यासोबत साखरेच्या आकड्याशेजारी त्या वेळी काय आणि किती खाल्ले, हेही वहीत लिहीत जावे. माझ्या पहिल्या तीन आठवड्यांच्या पानांवर तो रकानाच नव्हता.