आरसेटीचा फळप्रक्रियेचा कोर्स: शिकवणं एक नंबर, लोनचं मात्र बघा

गावातल्या बऱ्याच जणी विचारतायत म्हणून लिहिते. आरसेटीचं (बँका चालवतात त्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेचं) ट्रेनिंग खरंच फुकट आहे, राहणं-जेवण सगळं धरून, आधार-रेशनकार्ड न्यायचं आणि वय 18 पूर्ण पाहिजे, वरचीही वयोमर्यादा असते. जेवणात मासे नाहीत, मनाची तयारी करून जा 😀

शिकवतात मात्र झकास. कोकम सरबत काय शिकायचं, आजीपासून घरात होतंय असंच सगळ्यांना वाटत होतं, पण मॅडमनी रिफ्रॅक्टोमीटरच्या (साखरेचं प्रमाण मोजायच्या नळीच्या) काचेवर सिरपचा थेंब टाकून उजेडाकडे धरायला लावलं, आतली रेघ 65 वर यायला हवी, एका काकींची आली 50 च्या आसपास आणि त्यांच्या बाटल्या गणपतीपर्यंत का फसफसतात ते तिथंच कळलं. लेबल, बॅच नंबर, एफएसएसएआयचं (सरकारी अन्नसुरक्षा खात्याचं) रजिस्ट्रेशन हेही नीट सांगितलं.

पण खरा कामाचा तास हिशोबाचा. बॅचमध्ये नवरा गेलेल्या, माहेरी परत आलेल्या बायका होत्या. आमसुलाच्या किलोमागे रतांबे (कोकमाची फळं), मीठ, पिशवी सगळं फळ्यावर लिहून झालं आणि मॅडमनी विचारलं, तुमची मजुरी कुठाय? सगळ्या गप्प. ती धरल्यावर कळलं की व्यापाऱ्याला आम्ही जवळजवळ फुकट देत होतो.

बाजूला पोरांची हाऊस वायरिंगची बॅच होती. मुंबईत सिक्युरिटीत उभं राहण्यापेक्षा हे बरं की. फक्त निवासी असल्यामुळे लेकुरवाळ्यांना अवघड, सासूबाईंनी सांभाळलं तरच जमतं.

आता लोन. पीएमईजीपीत (धंद्यासाठी लोन आणि अनुदान देणाऱ्या केंद्राच्या योजनेत) गावातल्या बाईला 35 टक्के अनुदान आणि स्वतःचे 5 टक्के, 10 लाखांपर्यंत तारण लागत नाही असं वर्गात शिकलो. माझ्या बँकेतले साहेब (नाव नको) पहिलाच प्रश्न काय तर जमीन कोणाच्या नावावर? अहो कोकणातला सातबारा तो, आजेसासऱ्यांपासूनची सगळी नावं त्यावर, अर्धे चाकरमानी, त्यातले काही वारलेले, सह्या कोणाच्या आणणार! तारण लागत नाही म्हटलं तर वरून विचारून सांगतो म्हणाले, ते अजून विचारतायत. शेवटी बचत गटातून उचलले आणि सिलर मशीन घेतलं.

तरी जाच. मशीनचं कोटेशन आधीच काढून ठेवा, घरच्यांचं संमतीपत्र करून घ्या आणि बँकेत एकट्या जाऊ नका, कोर्सच्या सरांना सोबत न्या, कोर्सनंतर दोन वर्षं मदत करणं हे त्यांचं कामच आहे. आणि एप्रिलच्या आधीची बॅच धरा, मे महिन्यात रतांबे टाकून कोण जातंय.